हळू खेळलं की दुबळी टीम जिंकते? कॉलेज बास्केटबॉलमधल्या ‘टेम्पो’चं गणित, फोनवर करून बघता येईल असं

मार्च महिना आला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम टिपेला पोचतो आणि आपल्या फीडमध्ये एका ठरावीक प्रकारच्या रील्स यायला लागतात. कुठल्यातरी अनोळखी कॉलेजने बलाढ्य टीमला हरवलेलं असतं, मागे ढॅणढॅण म्युझिक असतं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: ‘सीक्रेट होतं स्लो टेम्पो!’ म्हणजे काय, तर लिंबूटिंबू टीमने खेळ मुद्दाम संथ केला, बॉल धरून ठेवला आणि त्यामुळेच मोठा मासा गळाला लागला.

हे खरं आहे का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: खरं आहे, पण रील सांगते त्याच्या पाव हिश्श्याइतकंच. का, ते आता नीट बघू. यात थोडं गणित आहे, पण घाबरू नका, फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये मावेल इतकंच आहे.

आधी स्पर्धेबद्दल दोन ओळी. अमेरिकेतल्या कॉलेजांची एनसीएए स्पर्धा ही बाद पद्धतीची असते. हरलात की घरी. १९८५ मध्ये त्यात ६४ टीम झाल्या, २०११ मध्ये ६८. चार विभाग आणि प्रत्येक विभागात १ ते १६ असं मानांकन. एक नंबरची टीम सोळा नंबरशी भिडते, दोन नंबरची पंधराशी, तीनची चौदाशी. मोठं मानांकन म्हणजे दुबळी टीम, एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं.

टेम्पो म्हणजे नक्की काय?

टेम्पो म्हणजे खेळाडू किती जोरात पळतात ते नव्हे. टेम्पो म्हणजे एका मॅचमध्ये एका टीमला किती ‘पझेशन’ मिळतात. बॉल आपल्या ताब्यात आला तिथपासून तो समोरच्याकडे जाईपर्यंत एक पझेशन. बास्केट झाली, बॉल हरवला किंवा शॉट हुकून रिबाउंड समोरच्याने घेतला की ते संपलं. शॉट हुकला पण रिबाउंड आपणच घेतला, तर पझेशन तेच चालू राहतं.

यातली गंमत अशी की दोन्ही टीमना पझेशन जवळजवळ सारखीच मिळतात. तुमचं संपलं की त्यांचं, त्यांचं संपलं की तुमचं. क्रिकेटमध्ये दोघांना वीस-वीस ओव्हर मिळतात ना, तसंच. फरक इतकाच की क्रिकेटमध्ये ओव्हर किती ते आधीच ठरलेलं असतं, बास्केटबॉलमध्ये ते मॅच चालू असताना ठरत जातं. आणि म्हणूनच त्यात डावपेचाला जागा आहे.

पूर्वी स्कोअरशीटवर पझेशनचा रकानाच नसायचा. ती मोजायला एक अंदाजी सूत्र वापरतात: एकूण मारलेले शॉट घ्या, त्यातून आपण परत मिळवलेले रिबाउंड वजा करा, हरवलेले बॉल मिळवा आणि फ्री थ्रोचा साधारण निम्मा आकडा मिळवा. केन पोमेरॉय यांच्या साइटवर कॉलेज टीमचा जो टेम्पो दिसतो, तो याच पद्धतीने, ४० मिनिटांच्या मॅचला किती पझेशन असा काढलेला असतो. सध्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हा आकडा सरासरी ६८ च्या आसपास असतो. अगदी संथ टीम साठीच्या आसपास घुटमळतात, सुसाट टीम पंचाहत्तरीकडे जातात.

हे कळलं की टीव्हीवरचा एक जुना घोळही सुटतो. ‘या टीमचा डिफेन्स बघा, समोरच्याला फक्त ५५ पॉइंट करू देतात!’ असं कॉमेंटेटर म्हणतो. पण ती टीम संथ खेळत असेल, तर समोरच्याला संधीच कमी मिळतात. म्हणून शहाणे लोक पॉइंट प्रति मॅच बघत नाहीत, पॉइंट प्रति पझेशन बघतात. एका पझेशनला एकच्या थोडे वर पॉइंट, हा कॉलेजमधला सर्वसाधारण हिशेब.

छोटी मॅच म्हणजे नशिबाला जास्त जागा

संथ खेळाचा फायदा का होतो, हे समजायला क्रिकेटमधलं एक उदाहरण पुरेसं आहे. ६ जून २०२४, डॅलस. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला बरोबरीत रोखलं आणि सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा होता आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर, सॉफ्टवेअर इंजिनीअर. अमेरिकेच्या १८ ला पाकिस्तानने १३ चं उत्तर दिलं. आता विचार करा, याच दोन टीम पाच दिवसांची टेस्ट खेळल्या असत्या तर? खेळ जितका लांब, तितका ताकदवान टीमचा वरचष्मा दिसायला वेळ मिळतो. सहा बॉलमध्ये काहीही होऊ शकतं.

बास्केटबॉलमध्ये पझेशन कमी करणं म्हणजे मॅच आखूड करणं. तत्त्व तेच. प्रश्न उरतो तो ‘किती फायदा’ हा, आणि रील नेमकी तिथेच गप्प बसते.

मी हे गुगल शीट्समध्ये मांडलं. तुम्हीही करू शकता. तगडी टीम दर पझेशनला ५५ टक्के वेळा दोन पॉइंट करते, नाहीतर शून्य. दुबळी टीम ४५ टक्के वेळा. थ्री-पॉइंटर नाही, फ्री थ्रो नाही, अगदी बाळबोध बास्केटबॉल. शीटमध्ये ‘रँड’ नावाचं फंक्शन असतं, ते शून्य ते एकमधला कुठलाही आकडा फेकतं. एका रकान्यात सत्तर ओळी घ्या आणि ‘इफ’ वापरून सांगा की आकडा ०.५५ पेक्षा कमी आला तर २ लिही, नाहीतर ०. शेजारच्या रकान्यात तेच, पण ०.४५ ने. खाली दोन्ही बेरजा. झाली एक मॅच! शीटमधला कुठलाही सेल बदलला की सगळे आकडे नव्याने पडतात आणि दुसरी मॅच तयार. दहा-वीस वेळा करून बघा. बहुतेक वेळा तगडी टीम जिंकेल, अधूनमधून दुबळी. ते बघताना मजा येते, मी अर्धा तास घालवला.

पण नेमकी टक्केवारी हवी तर नुसतं खेळून भागत नाही, हिशेब करावा लागतो. तो असा येतो. ७० पझेशनच्या मॅचमध्ये तगडी टीम सरासरी १४ पॉइंटनी पुढे असते आणि दुबळी टीम साधारण १२ टक्के वेळा जिंकते (बरोबरी झाली तर अर्धी अर्धी वाटणी धरली आहे). हे खऱ्या जगापासून फार दूर नाही. १९८५ पासून बघितलं तर चौदा नंबरच्या टीमने तीन नंबरला साधारण सात मॅचमागे एकदा हरवलं आहे.

आता टेम्पो फिरवू. ८० पझेशन केली तर दुबळ्या टीमची शक्यता १० टक्क्यांवर येते. ६० केली तर साडेतेरा टक्के. ५० केली तर पावणेसोळा. आणि गंमत म्हणून फक्त एकेक पझेशनचा खेळ धरला, तर बरोबरीचे निकाल सोडून उरलेल्यांत दुबळी टीम ४० टक्के वेळा जिंकते.

म्हणजे दिशा बरोबर आहे. मॅच आखूड झाली की दुबळ्याचं बरं होतं. पण ७० वरून ६० पझेशन म्हणजे सुसाट नाही तर सर्वसाधारण वेगाच्या मॅचवरून देशातल्या सर्वांत संथ टीमच्या पातळीवर जाणं. एवढा मोठा बदल करून हाती काय? जेमतेम दोन टक्के. बाराचे साडेतेरा.

आणि त्या दोन टक्क्यांची किंमत?

संथ खेळायचं म्हणजे बॉल फिरवत राहायचं आणि शॉट उशिरा घ्यायचा. पण शॉट क्लॉक संपत आला की शॉट घाईचा होतो, अवघड होतो, डिफेन्सला नीट उभं राहायला वेळ मिळालेला असतो. समजा या सगळ्यामुळे दुबळ्या टीमचं यश ४५ टक्क्यांवरून फक्त ४३ वर आलं. पन्नास पझेशनमागे एक बास्केट कमी, बस. ६० पझेशनच्या मॅचमध्ये आता तिची जिंकण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या थोडी वर आहे. म्हणजे नेहमीच्या वेगाने खेळली असती तर १२ होती, ‘सीक्रेट’ वापरून ती घटली!

मला या सगळ्यातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा वाटतो. टेम्पोचा फायदा इतका बारीक आहे की खेळाच्या दर्जात केसभर फरक पडला तरी तो वाहून जातो. उलटही खरं आहे. ज्या टीमला संथ खेळायची सवय आहे, ज्यांचे चांगले शॉट बॉल फिरवूनच तयार होतात, त्यांना संथ खेळून दुहेरी लाभ होतो. पण तेव्हा जिंकवतो तो शॉटचा दर्जा. टेम्पो त्याच्या मागे उभा असतो.

शिवाय टेम्पो काही एकट्याच्या हातात नसतो. ६८ पझेशन म्हणजे एकेका पझेशनला सरासरी साडेसतरा सेकंद. तुम्ही ते ताणून २३ सेकंद केलेत, पण समोरची टीम तिच्या नेहमीच्या साडेसतरातच खेळत राहिली, तर मॅच ५९ पझेशनच्या आसपास येऊन थांबते. अर्धा वेळ घड्याळ तुमचं, अर्धा वेळ त्यांचं.

जेव्हा बॉल धरून बसता यायचं

पूर्वी असं नव्हतं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये बरीच वर्षं शॉट क्लॉकच नव्हता. बॉल मिळाला की हवा तितका वेळ धरा, कोण विचारतंय! त्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे १९६८ च्या एसीसी स्पर्धेतली नॉर्थ कॅरोलिना स्टेट विरुद्ध ड्यूक ही मॅच. ड्यूक वरचढ होती, म्हणून एनसी स्टेटने बॉल धरून ठेवायचं ठरवलं. ड्यूकचे उंच खेळाडू बास्केटजवळच थांबले, बाहेर यायला तयार नाहीत. त्यामुळे मिनिटामागून मिनिटं बॉल हातात घेऊन लोक उभे. हाफटाइमला स्कोअर होता ड्यूक ४, एनसी स्टेट २. शेवटी एनसी स्टेट जिंकली, १२–१०. हो, पूर्ण मॅचचा स्कोअर.

रील बनवणाऱ्याला ही गोष्ट इथे संपवायला आवडेल. पण पुढची मॅच फायनल होती आणि तिथे याच एनसी स्टेटचा नॉर्थ कॅरोलिनाने ८७–५० असा धुव्वा उडवला.

पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ४५ सेकंदांचा शॉट क्लॉक सगळीकडे लागू झाला तो १९८५-८६ च्या हंगामात. १९९३-९४ मध्ये तो ३५ वर आला आणि २०१५-१६ मध्ये ३० वर. दर वेळी दुबळ्याच्या हातातलं हे हत्यार थोडं बोथट होत गेलं.

शॉट क्लॉक नसलेली शेवटची स्पर्धा होती १९८५ ची, आणि तिची फायनल आजही ‘स्लो टेम्पो’चा पुरावा म्हणून दाखवतात. आठवं मानांकन असलेली व्हिलानोव्हा विरुद्ध गतविजेती जॉर्जटाउन. त्या हंगामात जॉर्जटाउनने त्यांना आधीच दोनदा हरवलं होतं. व्हिलानोव्हाने धीराने खेळत पूर्ण मॅचमध्ये फक्त २८ शॉट घेतले आणि ६६–६४ ने विजेतेपद मिळवलं. इतक्या खालच्या मानांकनाची टीम तेव्हापासून आजवर विजेती झालेली नाही.

पण आकडा नीट बघा. त्या २८ पैकी २२ शॉट आत गेले. ७८ टक्क्यांहून जास्त! दुसऱ्या हाफमध्ये तर एकच शॉट हुकला. २८ पैकी पंधराएक गेले असते, म्हणजे तरी चांगलाच खेळ, तर मॅच कितीही संथ असती तरी जॉर्जटाउन आरामात जिंकली असती. कमी शॉटमुळे अशी ७८ टक्क्यांची लॉटरी लागण्याची शक्यता वाढली, हे मान्य. लॉटरीचं तिकीट मिळालं. नंबर लागला तो वेगळा भाग.

प्रिन्स्टनची गोष्ट

या विषयात प्रिन्स्टनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोच पीट कॅरिल यांची टीम. ॲथलेटिक स्कॉलरशिप नाहीत, उंच-धिप्पाड खेळाडू येत नाहीत, मग करायचं काय? बॉल सतत फिरवत ठेवायचा, डिफेंडर थोडा जरी पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे घुसायचं आणि पास घ्यायचा. याला ‘बॅकडोअर’ म्हणतात. यूट्यूबवर बघा, पाच मिनिटं काढा, बुद्धिबळ बघितल्यासारखं वाटतं.

१९८९ मध्ये सोळा नंबरच्या प्रिन्स्टनने एक नंबरच्या जॉर्जटाउनला घाम फोडला. हाफटाइमला प्रिन्स्टन २९–२१ ने पुढे. शेवटी ५०–४९ ने हरली, एका पॉइंटने. १९९६ मध्ये मात्र, तेरा नंबरवर असताना, त्यांनी गतविजेत्या यूसीएलएला ४३–४१ असं हरवलं. शेवटची बास्केट अर्थातच बॅकडोअर. त्यांच्या पुढच्या मॅचबद्दल कोणी बोलत नाही: मिसिसिपी स्टेटकडून ६३–४१ असा पराभव.

माझ्या मते प्रिन्स्टनकडे बघून लोक चुकीचा धडा घेतात. संथपणा हा त्यांच्या पद्धतीचा परिणाम होता. चांगला शॉट मिळेपर्यंत थांबायचं, म्हणून वेळ लागायचा. नुसता वेळ काढायचा आणि मग कसाबसा शॉट फेकायचा, हे प्रिन्स्टनने कधी केलं नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, घड्याळाला तर फरक कळतच नाही.

मग वेगाने खेळून जिंकणारे?

आता उलटी बाजू. १९९० मध्ये लॉयोला मेरीमाउंट ही अकरा नंबरची टीम स्पर्धेत आली. कोच पॉल वेस्टहेड यांचा नियम असा की बॉल मिळाल्यावर काही सेकंदांतच शॉट गेला पाहिजे. त्या हंगामात त्यांची सरासरी होती मॅचमागे १२२ पॉइंट! स्पर्धेच्या काही दिवस आधी, ४ मार्चला, त्यांचा स्टार हँक गॅदर्स कोर्टवर कोसळला आणि गेला. तरीही ही टीम खेळली आणि गतविजेत्या मिशिगनला १४९–११५ असं हरवून गेली. पुढच्या मॅचला अलाबामाने खेळ मुद्दाम संथ केला, आणि लॉयोला तीही जिंकली, ६२–६० ने. शेवटी थांबवलं ते त्याच वेगाने खेळू शकणाऱ्या पण त्यांच्याहून तगड्या यूएनएलव्हीने, १३१–१०१ असं. तीच यूएनएलव्ही पुढे विजेती ठरली.

‘दुबळ्याने कधीच वेगाने खेळू नये’ हा नियम लॉयोलाने पाळला असता तर ती कुठेच पोचली नसती. त्यांचा दमसास त्या वेगासाठी कमावलेला होता, समोरच्यांचा नव्हता.

याच धाग्यातलं एक मुंबईशी जोडलेलं नाव म्हणजे विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, अमेरिकेत टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी काढणारे. हे उदाहरण कॉलेजचं नाही, बाराएक वर्षांच्या मुलींच्या टीमचं आहे. रणदिवे आपल्या मुलीच्या टीमचे कोच झाले, आणि बास्केटबॉलशी त्यांचा आधी फारसा संबंध नव्हता. त्यांना कळेना की बास्केट झाल्यावर सगळ्या टीम निमूटपणे मागे का पळतात? ९४ फुटांचं कोर्ट असताना त्यातला बराच भाग समोरच्याला फुकट का द्यायचा? म्हणून त्यांच्या मुली संपूर्ण कोर्टभर, पहिल्या पासपासूनच समोरच्यांना गाठायला लागल्या. याला ‘फुल कोर्ट प्रेस’ म्हणतात. फार कौशल्य नसलेली ती टीम राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये द न्यूयॉर्करमध्ये यावर लेख लिहिला आणि तो खूप गाजला. बास्केटबॉलवाल्यांनी टीकाही केली, की मोठ्या पातळीवर चांगले खेळाडू प्रेस सहज फोडतात. रणदिवे पुढे २०१३ मध्ये एनबीएतल्या सॅक्रॅमेंटो किंग्जचे मालक झाले, ते वेगळंच.

२०२३ मध्ये कॉलेजच्या पातळीवर याचा एक जबरदस्त नमुना दिसला. फेअरली डिकिन्सन, सोळा नंबर, उंचीच्या हिशेबाने डिव्हिजन वनमधली सर्वांत बुटकी टीम. समोर एक नंबरची पर्ड्यू आणि तिचा सात फूट चार इंची झॅक एडी. फेअरली डिकिन्सनने बॉल धरून ठेवला नाही, उलट पूर्ण मॅचभर अंगावर धावून गेले. पर्ड्यूने १६ वेळा बॉल हरवला, २६ थ्री-पॉइंटरपैकी फक्त ५ टाकले. निकाल: ६३–५८.

यात महत्त्वाचं काय घडलं? प्रेसमुळे समोरच्याच्या प्रत्येक पझेशनची खात्री कमी होते. बॉल सरळ हिसकावला जातो, नाहीतर प्रेस फुटून सोपी बास्केट होते. म्हणजे अनिश्चितता वाढते. आणि दुबळ्याला हवी असते ती हीच. मॅच आखूड करणं हा अनिश्चितता वाढवायचा एक मार्ग झाला, एकमेव नव्हे. डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात दुबळ्या टीमसाठी ‘जोखमीचे डावपेच’ असा विषय मांडला तो याच अर्थाने.

थ्री-पॉइंटरचं तिकीट

शीटकडे परत या. टेम्पोला हात लावू नका, ७० च ठेवा. फक्त दुबळ्या टीमला सांगा की दोन पॉइंटचे शॉट सोडा, सगळे थ्री-पॉइंटर मारा, ३० टक्के आत जातील असे. आधी ४५ टक्के वेळा दोन, म्हणजे पझेशनला सरासरी ०.९. आता ३० टक्के वेळा तीन, म्हणजे परत ०.९. सरासरी तीच, टीम तितकीच दुबळी. पण जिंकण्याची शक्यता १२ वरून १६ टक्क्यांवर जाते. दहा पझेशन कमी करून जे मिळत होतं, त्याच्या दुपटीहून जास्त, आणि घड्याळाशी न भांडता.

याचा खरा चेहरा बघायचा तर १६ मार्च २०१८. एक नंबरची व्हर्जिनिया, सगळ्या एक नंबरवाल्यांतही पहिली, विरुद्ध सोळा नंबरची युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बॉल्टिमोर काउंटी, म्हणजे यूएमबीसी. तोवर पुरुषांच्या स्पर्धेत सोळा नंबरवाले एक नंबरशी १३५ वेळा भिडले होते आणि १३५ वेळा हरले होते. हाफटाइमला २१–२१. दुसऱ्या हाफमध्ये यूएमबीसीने ५३ पॉइंट ठोकले. व्हर्जिनिया त्या हंगामात पूर्ण मॅचमध्ये सरासरी ५४ सुद्धा देत नव्हती. यूएमबीसीने २४ पैकी १२ थ्री-पॉइंटर टाकले, व्हर्जिनियाने २२ पैकी ४. फायनल स्कोअर ७४–५४.

या मॅचनंतर चर्चा एकच: व्हर्जिनिया देशातल्या सर्वांत संथ टीमपैकी एक, म्हणून तिने स्वतःच दुबळ्याला संधी दिली. गणिताने यात तथ्य आहे. तगड्याने लांब मॅच खेळावी, पझेशन वाढवावीत, म्हणजे नशिबाची जागा कमी होते. पण २० पॉइंटच्या पराभवाला टेम्पो कसा जबाबदार धरणार? आठ-दहा पझेशन जास्त असती तर त्या रात्री फरक बहुधा आणखी वाढलाच असता. शिवाय व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे खेळतच नव्हता, हे रीलमध्ये येत नाही.

आणि पुढच्या वर्षी? कोच टोनी बेनेट यांनी वेग बदलला नाही. तीच संथ व्हर्जिनिया २०१९ ला विजेती झाली. अर्थात तिथेही काठावरून: पर्ड्यूविरुद्ध ओव्हरटाइम, ऑबर्नविरुद्ध ६३–६२, फायनलला टेक्सास टेकविरुद्ध परत ओव्हरटाइम. दोन-तीन क्षण इकडचे तिकडे झाले असते तर आज आपण ‘संथ खेळाने व्हर्जिनियाला परत बुडवलं’ अशी रील बघत असतो.

रील बघताना काय विचारायचं?

पहिलं म्हणजे, हरलेल्या संथ टीम कुठे आहेत? दर वर्षी कितीतरी दुबळ्या टीम खेळ संथ करतात आणि मुकाट्याने हरतात. त्यांच्यावर रील बनत नाही. आपल्याला प्रिन्स्टन १९९६ दिसते, तशीच खेळून हरलेली दुसरी टीम दिसत नाही.

दुसरं, हे सिद्ध करायला किती मॅच लागतील? १२ टक्के आणि साडेतेरा टक्के यातला फरक नशिबाच्या गोंधळातून वेगळा ओळखायचा तर वेगवान आणि संथ अशा दोन्ही प्रकारच्या दोन-अडीच हजार मॅच तरी हव्यात. तीन विरुद्ध चौदा अशा मॅच वर्षाला होतात चार. म्हणून कोणी पाच-सहा मॅच दाखवून ‘टेम्पो बघून निकाल सांगतो’ म्हणत टेलिग्राम चॅनेलची मेंबरशिप विकत असेल, तर तो काय विकतोय ते तुम्हाला आता कळलं असेल. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदीही आहे, पण चॅनेलं काही बंद झालेली नाहीत.)

तिसरं म्हणजे स्कोअर काय होता तेव्हा? हे कॉमेंट्रीतही सुटतं. दुबळी टीम पाच मिनिटं बाकी असताना पुढे असेल, तर घड्याळ खाणं एकदम योग्य. तीच टीम सात पॉइंटनी मागे असेल, तर संथ खेळणं म्हणजे स्वतःच्या उरलेल्या संधी स्वतःच कापणं. तेव्हा तिला जास्त पझेशन हवीत, प्रेस हवा, थ्री-पॉइंटर हवेत. ‘दुबळ्याने हळू खेळावं’ हे वाक्य पूर्ण ४० मिनिटांसाठी कधीच खरं नसतं.

शीटमध्ये एक प्रयोग राहिला आहे, तो तुम्ही करा. ६० पझेशन ठेवा आणि दुबळ्या टीमला थ्री-पॉइंटरही द्या, दोन्ही एकत्र. माझा हिशेब १८ टक्क्यांपर्यंत जातो. मग ३० टक्क्यांच्या जागी २८ टाकून बघा. शक्यता बाराच्या थोडी खाली येते, म्हणजे जिथून निघालो होतो जवळपास तिथेच.